चरबीचा निरोप

चरबी म्हणजे अंगावरचे निरुपयोगी ओझे, असे पुष्कळांना वाटते. हा समज बरोबर नाही. चरबी हे अन्नाचे कोठार आहे, आणि या कोठारातून मेंदूकडे निरोपही जातात. रक्तातून जाणाऱ्या अशा रासायनिक निरोपाला संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात. चरबीतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक 1994 साली न्यूयॉर्क येथील शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांनी शोधून काढले.

आपण जेवलो की रक्तातील साखर वाढते. तेव्हा स्वादुपिंड ही ग्रंथी इन्सुलिन सोडते. इन्सुलिनमुळे चरबीच्या पेशी साखर आत घेतात आणि लेप्टिनही जास्त तयार करतात. हे दुसरे काम सावकाश चालते. त्याला काही तास लागतात. उपाशी राहिल्यास इन्सुलिन घटते, पाठोपाठ लेप्टिनही घटते. मग मेंदू समजतो, कोठार रिकामे होत आहे, आणि भूक वाढवतो.

इंग्लंडमधील केंब्रिजच्या डॉक्टरांकडे एक मुलगी आली. नवव्या वर्षीच तिचे वजन 94 किलो होते. ती सारखी खायला मागे. तिला हावरट म्हणणे किती सोपे! तिच्या शरीरात इन्सुलिन होते. परंतु जन्मजात दोषामुळे चरबीला लेप्टिन बनवताच येत नव्हते. डॉक्टरांनी तिला रोज लेप्टिनचे इंजेक्शन दिले. भूक आटोक्यात आली आणि वर्षभरात सुमारे 16 किलो वजन उतरले. ही हकिकत 1999 साली प्रसिद्ध झाली.

मात्र बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते. निरोप पोहोचतो, पण मेंदू तो नीट ऐकत नाही. म्हणून त्यांना हे इंजेक्शन फारसे उपयोगी पडत नाही.