उंबरठ्यापलीकडचें तळें

सौंदर्य पाहावयाचें तर दूरदेशीं गेलें पाहिजे, अशी आपली समजूत असते. गेल्या वर्षीं मला मोतीबिंदू झाला, ठरलेली काशीयात्रा राहिली आणि मी खिन्न होऊन ओसरीवर बसून राहूं लागलों. तेव्हां क्लोद मोने या चित्रकाराचें चरित्र मला आठवलें.

मोने १८८३ सालीं फ्रान्समधील जिव्हेर्नी या खेड्यांत राहावयास गेला. तेथें त्यानें भोजनगृहास पिवळा रंग दिला व भिंतींवर जपानी चित्रें लाविलीं. जपान देश त्यानें कधींच पाहिला नव्हता. तथापि १८९३ मध्यें घराजवळ जागा घेऊन त्यानें तळें केलें, त्यावर जपानी धर्तीचा कमानदार पूल बांधविला आणि पाण्यांत कुमुदें लाविलीं. पुढें मोतीबिंदूमुळें त्यास रंगच नीट ओळखूं येईनात. १९२३ सालीं उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पण त्या तळ्याचीं चित्रें काढण्याचें त्यानें सोडलें नाहीं. १९२६ सालीं तो वारला. त्याचीं तीं विशाल कुमुदचित्रें १९२७ पासून पॅरिसच्या ओरांजरींत आहेत.

आमच्या परसांत तळें नाहीं, एक जास्वंद आहे. सकाळीं तिचें फूल कुंकवासारखें दिसतें, सायंकाळीं काळसर होऊन मिटूं लागतें. तें मी आतां नित्य पाहतों. परवां घरांतल्या मंडळींनीं ओसरीच्या खिडकीस त्याच रंगाचा पडदा शिवला. काशीस जाणें होईल तेव्हां होवो. डोळ्यांस तोंवर काम मिळालें आहे.