लाकूडकामाच्या शैली – ७ : आर्ट्स अँड क्राफ्ट्स पद्धतीचे ओकचे कॉफी टेबल

आर्ट्स अँड क्राफ्ट्स शैलीच्या टेबलावर कोरीव नक्षी नसते, कातीव पाय नसतात, सोनेरी मुलामा नसतो. नजर जिथे थांबते तिथे एखादा सांधा असतो. आडव्या पट्टीचे टोक पायातून आरपार बाहेर आलेले दिसते, किंवा फळीच्या बाहेर आलेल्या जिभेत ठोकलेली पाचर दिसते. टेबलाला उभे ठेवणारा भाग हीच त्याची शोभा. म्हणूनच हे टेबल दिसायला साधे आणि करायला अवघड आहे. नक्षीच्या आड ढिला सांधा खपून जातो. इथे तशी आडोशाची जागा नाही.

या शैलीचा उगम इंग्लंडमधला. यंत्रावर घाऊक निघणाऱ्या, वरवर नटवलेल्या वस्तूंविरुद्ध जॉन रस्किनने लेखणी चालवली. विल्यम मॉरिसने १८६१ साली सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनीच काढून तो विचार कारखान्यात उतरवला. चळवळीला आज असलेले नाव १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटी’वरून पडले. ओकचे जड, सरळ रेषांचे फर्निचर मात्र लोकांच्या घरात पोचवले ते अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या गुस्टाव्ह स्टिक्लीने. त्याने १९०१ मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक सुरू केले. पहिला अंक मॉरिसला आणि दुसरा रस्किनला वाहिलेला होता. हे मासिक वाचकांना घरी बनवता येईल अशा फर्निचरचे आराखडे मापांसह छापत असे. स्वतःच्या वस्तू विकणाऱ्या कारखानदाराने त्या घरी कशा कराव्यात हेही सांगावे, ही या चळवळीतली सर्वांत लोभस गोष्ट म्हटली पाहिजे. १९१५ मध्ये स्टिक्लीचे दिवाळे निघाले आणि पुढच्या वर्षी मासिक बंद पडले. पण आराखडे राहिले, आणि त्यांवरून आजही टेबले होतात.

सोफ्यापुढचे ठेंगणे, लांबट कॉफी टेबल आजच्या रूपात रुळले ते यानंतर. त्यामुळे या शैलीचे कॉफी टेबल म्हणजे त्या काळच्या मोठ्या वाचन-टेबलाची बांधणी कमी उंचीत आणणे. इथे घेतलेली मापे अशी : वरची फळी ४८ इंच लांब, २४ इंच रुंद आणि ७ सूत जाड, एकूण उंची १७ इंच, पाय सव्वादोन इंच चौरस, चारही पायांच्या बाहेरच्या कडांपर्यंत चौकट ४२ इंच लांब व २० इंच रुंद. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांच्या तोंडी असलेले हे माप या कामाला फार सोयीचे पडते.

लाकूड निवडताना ‘पांढरा ओक’ घ्यावा. लाल ओक आणि पांढरा ओक हे दोन वेगळे गट आहेत. लाल ओकची छिद्रे उघडी असतात. त्याच्या लहान तुकड्याच्या एका टोकातून फुंकर मारली तर हवा दुसऱ्या टोकातून बाहेर येते. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातली छिद्रे झाड जिवंत असतानाच आतून बुजलेली असतात, म्हणून मद्याची पिंपे त्याचीच करतात. टेबलाच्या दृष्टीने त्याचे दोन गुण अधिक मोलाचे. एक, त्यात टॅनिन भरपूर असते. त्याचा उपयोग रंगाच्या वेळी होतो. दुसरा गुण त्याच्या किरण-पेशींचा. झाडाच्या केंद्रातून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे प्रत्येक लाकडात असतात, पण बहुतेक लाकडांत ते डोळ्यांना दिसतही नाहीत. ओकमध्ये ते रुंद आणि उंच असतात. ओंडका आधी चार भागांत चिरून, प्रत्येक भागातून वार्षिक वलयांशी जवळजवळ काटकोनात फळ्या काढल्या, तर हे पट्टे फळीच्या तोंडावर लांबीने उघडे पडतात आणि चकाकणारे, पिसाऱ्यासारखे चट्टे उमटतात. या कापाला अरीय काप म्हणता येईल. नेहमीच्या सपाट कापात वलयांच्या कमानी दिसतात, चट्टे दिसत नाहीत.

अरीय कापात लाकूड जास्त वाया जाते, फळ्या अरुंद निघतात आणि दर चढा लागतो. तरीही या शैलीत तो सोडू नये, आणि कारण केवळ सौंदर्याचे नाही. लाकूड हवेतला दमटपणा शोषून रुंदीत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीत जवळजवळ बदलत नाही. ओला पांढरा ओक पूर्ण सुकेपर्यंत सपाट कापाच्या रुंदीत सुमारे १०.५ टक्के आकसतो, अरीय कापाच्या रुंदीत सुमारे ५.६ टक्के. साग याच मोजणीत ५.८ आणि २.५ टक्के एवढाच हलतो. महाराष्ट्रातल्या सुताराचा हात सागावर बसलेला असतो, आणि सागाला जेवढी मोकळीक पुरते तेवढी ओकला पुरत नाही, हे त्याने आधीच मनात धरलेले बरे.

हिशेब करून पाहिला म्हणजे फरक कळतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना लाकडात सुमारे १२ टक्के पाणी राहते, ८० टक्के आर्द्रतेला सुमारे १६ टक्के. कोकणातल्या घरात पावसाळ्यात एवढा बदल सहज होतो. या चार टक्क्यांच्या वाढीने २४ इंच रुंदीची अरीय कापाची फळी साधारण दीड सूत रुंद होईल. सपाट कापाची असेल तर पावणेतीन सूत, म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक सांध्यात या आकड्याला जागा ठेवावी लागते.

पायांचा प्रश्न वेगळा आहे. अरीय कापाच्या जाड तुकड्यातून चौरस पाय काढला की चट्टे त्याच्या समोरासमोरच्या दोनच बाजूंवर येतात. उरलेल्या दोन बाजू साध्या राहतात. टेबल चारही बाजूंनी दिसते, म्हणून ही विसंगती खटकते. गुस्टाव्हचे भाऊ लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज स्टिक्ली यांनी चार पट्ट्यांच्या कडा तिरप्या कापून, मधल्या गाभ्याभोवती त्या जोडून पाय बनवले, म्हणजे चारही बाजूंवर चट्टे आले. गुस्टाव्हच्या कारखान्यात दोन साध्या बाजूंवर ओकचा पातळ पापुद्रा चिकटवत. सांध्याच्या प्रामाणिकपणावर भर देणाऱ्या माणसाने पापुद्रा वापरावा याचे काहींना नवल वाटते; पण तो पापुद्रा त्याच लाकडाचा असतो आणि बांधणीबद्दल काही खोटे सांगत नाही. घरच्या कामाला हीच रीत सोपी. पापुद्रा अर्ध्या सुताहून जाड घेऊ नये. खालची बाजू त्याच्यापेक्षा जास्त हलणारी असते, आणि जाड पट्टी त्या ओढाताणीत सुटते. पायाच्या कडा किंचित तासल्या की जोडरेषा नजरेत येत नाही.

आता सांधे. वरची चौकट म्हणजे पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या, ४ इंच रुंद आणि ७ सूत जाड. प्रत्येक पट्टीच्या टोकाला जीभ, म्हणजे कुसू, काढायची : मध्ये ३ सूत जाड आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन सुतांचे खांदे. लांबी सव्वा इंच. पट्टी पायाच्या तोंडापासून २ सूत आत बसते, म्हणजे खाच पायाच्या बाहेरच्या बाजूपासून ४ सुतांवर सुरू होऊन ७ सुतांवर संपते. शेजारच्या बाजूनेही तशीच खाच येते. पाय १८ सूत जाड असल्याने आतल्या बाजूने दुसऱ्या खाचेपर्यंत ११ सूत लाकूड असते आणि जीभ १० सूत लांब आहे; दोन खाचांमध्ये जेमतेम एक सुताची भिंत उरते. म्हणून खोली नेमकी मोजून, पटाशीच्या पात्यावर खूण करून खोदावी. जीभ याहून लांब हवी असेल तर दोन्ही जिभांची टोके ४५ अंशांत कापून एकमेकींना भिडवतात. पायाच्या माथ्याशी अर्धा इंच लाकूड सोडून खाच सुरू करावी, नाहीतर पाय वरून फाटतो.

आधी खाच, मग जीभ हा क्रम पाळावा. खाचेची रुंदी पटाशी ठरवते; जीभ नंतर रंध्याने केसभर कमी करता येते. जीभ हाताच्या दाबाने आत जावी. हातोडी लागली तर ती जाड आहे, स्वतःच्या वजनाने गळून पडली तर पातळ.

या सांध्याला ताण देण्याची जुनी युक्ती म्हणजे सरकवलेल्या भोकाची खुंटी. पायाच्या बाजूने खाचेतून आरपार ३ सुताचे भोक पाडायचे, जीभ आत घालून भोकाची खूण जिभेवर उमटवायची, मग जीभ बाहेर काढून तिचे भोक त्या खुणेपेक्षा अर्धे सूत खांद्याच्या दिशेने पाडायचे. चिरफाळून काढलेल्या, सरळ रेषांच्या ओकची टोकदार खुंटी ठोकली की ती दोन भोकांमधून किंचित वाकत जाते आणि खांदा पायाशी ओढून धरते. सरस वाळेपर्यंत क्लॅम्पची गरजही राहत नाही. करवतीने कापलेली खुंटी चालत नाही. तिच्या रेषा मध्येच तुटलेल्या असतात आणि वाकताना ती मोडते.

खालचा भाग म्हणजे टेबलाचा चेहरा. आखूड बाजूंना, जमिनीपासून ४ इंचांवर एकेक पट्टी पायांत बसते. त्या उंचीवर पायात दुसरी कुठलीच खाच येत नसल्याने तिची जीभ आरपार जाऊ शकते. बाहेर २ सूत उरलेल्या टोकाच्या कडा तासायच्या. या दोन पट्ट्यांना खालची १२ इंच रुंदीची फळी जोडते. तिच्या प्रत्येक टोकाला अडीच इंच रुंदीच्या दोन जिभा असतात. त्या पट्टीतून आरपार जाऊन बाहेर २ इंच येतात आणि त्यांत उभी पाचर बसते. पाचरीचे भोक पट्टीच्या बाहेरच्या तोंडापासून सुरू करणे ही हमखास होणारी चूक. ते अर्धे सूत आत, पट्टीच्या जाडीत शिरलेले असले पाहिजे. तरच पाचर पट्टीवर दाबते आणि फळीचा खांदा ओढून धरते. नाहीतर ती भोकाच्या आतल्या कडेलाच टेकून बसते. भोकापुढे जिभेचे किमान एक इंच लाकूड ठेवावे, कारण पाचरीचा सगळा रेटा रेषांच्या दिशेने त्या टोकाला फोडू पाहतो. पट्टीतली खाच जाडीत घट्ट आणि रुंदीत अर्धे सूत सैल ठेवली की फळीला फुगायला जागा मिळते.

बाजारात काही टेबलांच्या पायांवर बाहेरून चौकोनी ठोकळे चिकटवून आरपार जिभेचा देखावा केलेला असतो. ज्या शैलीत सांधा हाच अलंकार, तिथे तो खोटा करण्यापेक्षा न दिसणारा साधा सांधा केव्हाही चांगला.

वरची फळी तीन-चार तुकडे कडेला कडा लावून जोडतात. तुकडे शक्यतो एकाच ओंडक्याचे असावेत. चौकटीवर ती स्क्रूने थेट आवळली तर पहिल्याच मोसमात फाटते. त्याऐवजी वरच्या पट्ट्यांच्या आत एक खोबण करून त्यात जीभ अडकणारे लहान लाकडी गुटके वापरतात. स्क्रू गुटक्यातून वरच्या फळीत जातो. आखूड बाजूंचे गुटके खोबणीतून सरकतात. लांब बाजूंचे गुटके खोबणीच्या तळापर्यंत न सारता एक सूत मोकळे ठेवावेत. आखूड बाजूच्या अगदी मध्यावर मात्र फळी पक्की करावी, म्हणजे हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते.

सगळे भाग जुळवून, पोलादी खरवडपट्टी आणि काचकागदाने साफ करून झाले की रंगाची पाळी येते, आणि इथे ओकचे टॅनिन कामाला येते. अमोनियाची वाफ टॅनिनशी संयोग पावून लाकूड तपकिरी करते. रंग लावावा लागत नाही, लाकूड स्वतःच बदलते. टेबल प्लॅस्टिकच्या हवाबंद तंबूत ठेवून आत उथळ काचेच्या भांड्यांत सुमारे २६ टक्क्यांचे अमोनियाचे द्रावण ठेवतात. एक ते दोन दिवसांत हवी ती छटा येते. त्याच लाकडाचा एक तुकडा आत ठेवून मधूनमधून बाहेर काढून पाहतात. घरगुती सफाईचा अमोनिया पातळ असल्याने वेळ बराच लागतो. ही वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना गंभीर इजा करते. धुरी उघड्या हवेतच द्यावी. हातमोजे, बंद गॉगल आणि अमोनियासाठीचा खास मास्क यांना पर्याय नाही. लोखंडाचा कण टॅनिनला लागला तर निळा-काळा डाग पडतो, म्हणून स्टील वूल दूर ठेवावी. पितळी स्क्रूही नंतरच लावावेत, कारण अमोनिया तांब्याला खातो. गाभ्याबाहेरच्या फिकट रसकाष्ठात टॅनिन कमी असल्याने ते पांढरेच राहते. ते आधीच कापून टाकलेले बरे. रंग फार खोल जात नाही, त्यामुळे धुरीनंतर रंधा मारायचा नाही.

तंबूतून निघालेले टेबल राखाडी आणि निस्तेज दिसते. लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात दिले की आतला उबदार तपकिरी रंग आणि चट्ट्यांची चकाकी वर येते. त्यावर मेण घासून पुसतात. पाचरींना सरस लावत नाहीत. कोरड्या दिवसांत एखादी ढिली वाटली तर लाकडी हातोडीचा हलका ठोका पुरतो. जोराने ठोकलेली पाचर पावसाळ्यात फुगून जिभेचे टोक फोडते.