हेपॅटायटिस सी : लागण नवी की जुनी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात सावरगाव आणि पांढुर्णा ही गावे आमनेसामने येतात. गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या या परंपरेत, शेकडो जखमी होतात, अनेकांना टाके पडतात. त्या गर्दीतही प्रत्येकाला नवी सुई आणि निर्जंतुक केलेली हत्यारेच हवीत, कारण हेपॅटायटिस सी रक्तातून रक्तात जातो.

समजा, तीन महिन्यांनी सावरगावच्या एखाद्या तरुणाची तपासणी पॉझिटिव्ह आली. लागण टाके घातले तेव्हाची, की दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या इंजेक्शनची?

पहिली तपासणी हे सांगू शकत नाही. ती प्रतिपिंडे शोधते. लागणीनंतर ती दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात आणि आजार गेला तरी बहुधा जन्मभर राहतात. हेपॅटायटिस ए नवा आहे हे आयजीएम तपासणीतून कळते. सीसाठी तशी भरवशाची तपासणीच नाही. आरएनए तपासणी एक-दोन आठवड्यांतच विषाणू पकडते, पण तो आज रक्तात आहे एवढेच सांगते. कधी शिरला, ते नाही.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२० च्या व्याख्येनुसार निगेटिव्हनंतर १२ महिन्यांच्या आत पॉझिटिव्ह आले, तर लागण नवी धरतात. जुना रिपोर्ट नसेल, तर आरएनए पॉझिटिव्ह असून सोबत कावीळ, ३ किंवा त्याहून जास्त बिलिरुबिन किंवा २०० च्या वर एएलटी (यकृताचे एन्झाइम) असावे लागते, आणि त्याला दुसरे पटणारे कारण नसावे. अडचण अशी की नवी लागण झालेल्या बहुतेकांना कावीळ होतच नाही. त्यामुळे रक्तदानानंतरचा, बाळंतपणातला किंवा शस्त्रक्रियेआधीचा निगेटिव्ह कागद कुणी टाकून देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

नव्या लागणीची नोंद जुन्यांत मिसळली, तर फार मोठे नुकसान होते. एकाच डायलिसिस केंद्रातले किंवा एकाच दवाखान्यातले दोघे-तिघे नवे निघाले, तर तिथे सुई, सलाईन किंवा यंत्राची स्वच्छता कुठेतरी चुकत असावी आणि ती चूक आजच थांबवता येईल. म्हणून नोंद करताना मागच्या सहा महिन्यांतली इंजेक्शने, दातांचे उपचार, गोंदण, रक्त चढवणे हे सगळे विचारून लिहायला हवे.

राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरातले ९५ हून अधिक बरे होतात. मात्र बरे झालेल्यालाही पुन्हा लागण होऊ शकते. त्याची प्रतिपिंडे आधीपासूनच पॉझिटिव्ह असल्याने नवी लागण फक्त आरएनएच दाखवते. उपचारानंतरचा आरएनए निगेटिव्ह रिपोर्ट त्याने त्यासाठीच जपायचा.