प्रश्न कुणाच्या अंगणातला?

निरगुडसरसारख्या खेड्यातल्या एखाद्या आजींना ‘आज तारीख किती?’ असं विचारलं तर त्या गप्प बसतील, पण एकादशी कधी आहे हे चटकन सांगतील. त्या गप्प बसण्याला स्मृतिभ्रंश म्हणणं हा त्यांच्यावर धडधडीत अन्याय आहे. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या प्रसिद्ध स्मृतिचाचणीत शंभरातून सात-सात वजा करणं आणि एक वाक्य लिहून दाखवणं आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाची इथे बुद्धी नव्हे, शाळाच मोजली जाते. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी १९९०च्या दशकात या चाचणीचं हिंदी रूप झालं, तेव्हा वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायला सांगितलं आणि लिहिण्याऐवजी घराविषयी काहीतरी बोलायला. ‘डोळे मिटा’ हे वाचायला न देता ‘मी करतो तसं करा’ असं म्हटलं.

मराठीत चाचणी बदलून घेण्याची ही वाट जुनी आहे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये बिने बुद्धिमत्ता चाचणीचं मराठी आणि कानडी रूपांतर १९३०च्या दशकातच केलं. अशा बदलांवर आक्षेप येतो, की प्रश्नच बदलला तर तुलना कशाची करायची? आक्षेप रास्त आहे. मात्र शब्द तेच ठेवले म्हणून अवघडपणा तोच राहत नाही. अंक पुण्याच्या पदवीधराला सोपे, आजींना परके. म्हणून प्रश्न बदलल्यावर तो इथल्याच निरोगी वृद्धांना, निरक्षर आणि साक्षर अशा दोघांनाही, विचारून गुणांची रेषा नव्याने आखावी लागते. हे काम वेळखाऊ आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं.