एका मताची किंमत

एका मताने काय होते, हा प्रश्न माझ्या वर्गात दर निवडणुकीला निघतो. विचारणारा मुलगा बहुधा वस्तीतलाच असतो. क्रमिक पुस्तकातले गुळगुळीत उत्तर त्याला देणे मला जमत नाही.

गणिताने पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नाही. लाखो मतांच्या ढिगात एक मत म्हणजे काय? तरीही २००४ साली कर्नाटकातील संतेमरहळ्ळी या राखीव मतदारसंघाचा निकाल ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१ असा लागला. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले. परंतु असे दाखले तोंडावर फेकून मुलांना गप्प करावे, हे मला पटत नाही. अपवाद तो अपवादच.

मताची किंमत मोजायची तर ते कुणाला नाकारले गेले, हे आधी पाहावे लागते. इंग्रजी अमदानीत मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर बेतलेला होता. या तिन्हींपासून गावगाड्याने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले, ते बहुतेक यादीबाहेरच राहिले. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाच्या ३२६व्या कलमाने तो आला. आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, उत्तर मुंबईत बाबासाहेबांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव झाला. बाद ठरलेली मते होती चौऱ्याहत्तर हजारांवर! म्हणजे पराभवाच्या पाचपट मते मातीत गेली. त्यांतले प्रत्येक मत टाकणाऱ्यालाही कदाचित वाटले असेल, माझ्या एकट्याने काय होणार?

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती गावातली गोष्ट. कायद्याने मत एकट्याचे असते. गावाच्या लेखी ते वस्तीचे असते. मतपत्रिका होत्या तेव्हा निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मिसळून मोजता येत. यंत्र आल्यापासून मोजणी केंद्रनिहाय होते. वस्तीचे केंद्र वेगळे असले की तिने कुणाला मत दिले, हे निकालाच्या दिवशीच चावडीवर ठाऊक होते. आमच्या वस्तीने एकदा सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारला नाही, म्हणजे बटण दाबले नाही. पुढे आठ दिवस बायांना खुरपणीला कुणी बोलावले नाही. त्यांत माझी आई होती. मत फुकाचे असते तर एवढा राग कशाला?

अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे 'टोटलायझर' यंत्र वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविले. विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५५व्या अहवालात तीच शिफारस केली. केंद्र सरकारने विरोध केला. गुप्त मतदान आपल्यासाठी अजून अर्धेच गुप्त आहे, आणि आपल्या नियतकालिकांतून यावर फारसे लिहिले जात नाही याचे मला नवल वाटते.

ऊसतोडीला गेलेल्यांचे तर मतच गावात राहते. २०२४ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, ऐन हंगामाच्या तोंडावर. म्हणून मी मुलांना आधी मतदारयादी वाचायला लावतो, घरातले प्रत्येक नाव बोट ठेवून. नाव वगळण्याचा सातव्या नमुन्यातला अर्ज मतदारसंघातला दुसरा मतदारही देऊ शकतो, हे वस्तीत फार थोड्यांना ठाऊक आहे.