अहिल्याबाईंच्या रुपयावर नाव कोणाचे?

चौंडी (ता. जामखेड) येथे 31 मे 1725 रोजी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 या काळात राज्यकारभार पाहिला. त्यांच्या रुपयावर त्यांची छबी, निदान देवनागरीत नाव तरी असणार, असे सर्रास धरून चालतात. प्रत्यक्षात त्या रुपयावरचा मजकूर फारसी आहे आणि नाव आहे दिल्लीचा बादशहा दुसरा शाह आलम याचे.

म्हणून होळकर बादशहाचे हुकूम पाळत होते, असे मात्र नाही. शाह आलमची सत्ता तेव्हा दिल्लीतच डळमळीत होती. चालत होती ती त्याच्या नावाची छाप. रुपया खपे तो सराफाच्या भरवशावर. छाप अनोळखी दिसली की सराफ बट्टा कापून घेई. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावरही बादशहाचेच नाव असे. शिवाजी महाराजांची देवनागरी शिवराई उठून दिसते ती याच पार्श्वभूमीवर.

नाणे कोणाचे, हे लहानशा चिन्हांवरून कळे. महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचे पान, तर इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावर सूर्यमुख. ही नुसती नक्षी नव्हे, टांकसाळीची खूण आहे. फारसी अक्षरांच्या दाटीत बसलेले ते बेलपान आजही जाणकार आधी शोधतात.

कडेची अक्षरे तुटलेला रुपया खोटा किंवा झिजलेला, ही समजूतही चुकीची. रुपया हाताने, घणाचा घाव घालून पाडत. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने प्रत्येक रुपयावर मजकुराचा वेगळाच तुकडा उमटे. एखाद्यावर बेलपान पूर्ण येई आणि बादशहाचे नाव अर्धे कापले जाई.

होळकर राजाचा चेहरा रुपयावर आला तो पुढे शिवाजीराव होळकरांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अहिल्याबाईंची छबी असलेले 300 रुपयांचे नाणे भारत सरकारने त्रिशताब्दीनिमित्त काढले. 31 मे 2025 रोजी भोपाळमध्ये त्याचे प्रकाशन झाले. हे नाणे आता जामखेडच्या बाजारात सुट्ट्या पैशांत हाती पडेल, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फोल आहे. एवढ्या मोठ्या दर्शनी किमतीची स्मारक नाणी रोजच्या व्यवहारासाठी सोडत नाहीत. टांकसाळ ती संग्राहकांना दर्शनी किमतीपेक्षा चढ्या दराने विकते.