आवाज कुणाचा? सीडी प्लेअरचा की पॉवर सप्लायचा!

माहीत आहे का, स्वस्त आणि मस्त हाय-फाय सीडी प्लेअरांच्या पंगतीत एक व्हिडिओ गेमचा डबा मानाच्या पाटावर बसलाय? सोनीचं पहिलंवहिलं प्लेस्टेशन! १९९४च्या डिसेंबरात ते जपानच्या दुकानांत आलं. सुरुवातीच्या मॉडेलांना मागच्या बाजूला चक्क लाल-पांढरी आरसीए सॉकेट्स होती. वायर लावा, अ‍ॅम्प्लिफायरला जोडा, गेम ओव्हर! २००८ मध्ये अमेरिकेच्या ‘स्टिरिओफाइल’ मासिकाने या खेळण्याचं रीतसर परीक्षण छापलं.

आणि या खेळण्याचा व्हिलन कोण? पॉवर सप्लाय! सुरुवातीच्या प्लेस्टेशनमध्ये लेझरची गाडी सप्लायच्या अगदी शेजारी धावायची. उष्णतेने प्लास्टिकचे रूळ झिजायचे, लेझर कलंडायचा आणि सीडी अडखळायची. पोरांनी जालीम उपाय काढला: डबा उलटा ठेवून खेळायचं! पुढच्या मॉडेलांत सोनीने लेझरला सप्लायपासून लांब हलवलं.

हा पॉवर सप्लाय करतो तरी काय? घरात येते २३० व्होल्टची वीज. सेकंदाला ५० आवर्तनं करणारी, म्हणजे १०० वेळा दिशा बदलणारी. ट्रान्सफॉर्मर तिला खाली आणतो, चार डायोडचा पूल तिला एका दिशेला वळवतो आणि आपल्याला मिळतात सेकंदाला १०० धक्के. मग येतो कंडेन्सर. नळाला पाणी कधी येतं, कधी जातं, पण गच्चीवरच्या टाकीमुळे मोरीतली धार चालू राहते ना? कंडेन्सर म्हणजे ती टाकी. शेवटी रेग्युलेटर व्होल्टेज घट्ट पकडून ठेवतो. ही साखळी कुठे ढिली पडली की स्पीकरमधून येते १०० हर्ट्झची घुंऽऽऽ.

आता बॅटलफील्डवर! इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या ‘नेम’ कंपनीने या साखळीचाच धंदा केला. १९९१ साली आलेला त्यांचा पहिला सीडी प्लेअर, सीडीएस, दोन डब्यांत यायचा: एकात प्लेअर, दुसऱ्यात नुसता पॉवर सप्लाय. पुढे सीडी५एक्ससारख्या मॉडेलला ‘फ्लॅटकॅप’ किंवा ‘हायकॅप’ नावाचा डबा वेगळा विकत घेऊन जोडता यायचा. बटणं नाहीत, डिस्प्ले नाही, ठोकळा फक्त वीज देणार! स्कॉटलंडची ‘लिन’ अगदी दुसऱ्या टोकाला. त्यांनी जड ट्रान्सफॉर्मरला रामराम ठोकला आणि वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विच-मोड सप्लायवर पैज लावली. दोघांचेही भक्त कट्टर. माझं मत? सप्लायचा प्रकार दुय्यम आहे, तो किती नीट बांधलाय ते महत्त्वाचं.

बजेटवाल्यांचा हीरो हवाय? भेटा केन इशिवाता यांना. मरान्ट्झचे हे जपानी जादूगार होते. नव्वदच्या दशकात त्यांनी सीडी-६३ हा खिशाला परवडणारा प्लेअर उचलला, आत टोरॉइडल म्हणजे गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर बसवला, चॅसीला तांब्याचा मुलामा दिला, निवडक पार्ट घातले आणि ‘केआय सिग्नेचर’ म्हणून बाजारात सोडला. लेझर, डिस्क, गाणी तीच. बदललं ते पोटातलं. साध्या मॉडेलला स्पेशल करण्याची ही रेसिपी मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटते. गंमत म्हणजे सीडी-६३ हे नाव मरान्ट्झने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच एका प्लेअरला देऊन टाकलं होतं!

फ्लॅशबॅक! १ ऑक्टोबर १९८२. सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला. किंमत १,६८,००० येन. १०१ का? बायनरीत १०१ म्हणजे ५. मधल्या दर्जाचं मॉडेल, म्हणून मधला आकडा!

त्यात सीडीवरचे आकडे आवाजाच्या सिग्नलमध्ये बदलणारा १६ बिटचा कन्व्हर्टर होता, पण एकच. डावा-उजवा चॅनल आळीपाळीने तोच वापरायचे, त्यामुळे एक कान दुसऱ्याच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे. फिलिप्सकडे होता १४ बिटचा कन्व्हर्टर. पडले ना मागे? छे! त्यांनी चारपट ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे मूळ नमुन्यांच्या मध्ये आणखी नमुने भरण्याची, आयडिया लढवली आणि १४ बिटांतून १६ बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं.

माहीत आहे का, चिपलाही मुकुट असतो? फिलिप्सच्या टीडीए१५४१ए कन्व्हर्टरच्या निवडक नगांवर खरोखर मुकुटाची खूण छापलेली असायची. आज त्यांचा भाव वधारलेला, म्हणून साध्या चिपवर मुकुट छापणारे भामटेही आलेत. मुकुट पाहून हुरळू नका!

आणि सीडीच्या मधलं भोक? बरोबर १५ मिलिमीटर. नेदरलँड्सच्या जुन्या १० सेंटच्या नाण्याएवढं.

चला, आता मॅच लावू: दोन प्लेअर, एक अ‍ॅम्प्लिफायर, तुमचे दोन कान. थांबा! जो जरासा मोठ्याने वाजतो तोच कानाला ‘भारी’ वाटतो. एक प्लेअर २ व्होल्ट देतोय आणि दुसरा २.१२, तर फरक अर्ध्या डेसिबलचा. आवाज वाढलाय हे कळणारही नाही, पण मत मात्र फिरेल. इलाज स्वस्त आहे. १०० हर्ट्झचा टेस्ट टोन सीडीवर बर्न करा, तो वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसीला लावा आणि व्हॉल्यूम जुळवा. टोन १००चाच का? स्वस्त मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला गडबडतात. मग घरातल्या कुणाला तरी वायरी बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ फिरवून बसा.

पाठ फिरवून बसल्यावर काय होतं? २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी ‘जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी’त निकाल छापला. एकीकडे हाय-रेझोल्युशन आवाज, दुसरीकडे तोच आवाज सीडीच्या १६ बिटांच्या चाळणीतून गाळलेला. ५५४ फेऱ्या, अचूक उत्तरं २७६. म्हणजे छापा-काटा! १९८२चा फॉरमॅट अजून नॉट आऊट.

जुना प्लेअर हाताशी आहे? प्लग काढा, थोडा वेळ थांबा, झाकण उघडा. ट्रान्सफॉर्मरशेजारी उभे असलेले दंडगोल दिसतील, अंगावर छापलेलं असेल ‘२२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट’. डोकं सपाट? ठीक. डोकं फुगलंय, बुडाशी तपकिरी चिकटा दिसतोय? गेला तो. अशा कंडेन्सरचं आयुष्य तापमानावर ठरतं: दर १० अंश थंडाव्यामागे साधारण दुप्पट. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कंडेन्सर ६५ अंशांना ३२,००० तास गाठू शकतो. म्हणून प्लेअर कधीही गरम अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. फुकटातला अपग्रेड!

नवे कंडेन्सर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतात. ‘१०५ डिग्रीवाले द्या’ असं ठणकावून सांगा. सोल्डरिंगचा हात नसेल तर काम मेकॅनिककडे द्या. मेन्सच्या बाजूला बोटं घालायची नाहीत म्हणजे नाहीत.

अलर्ट! जपानहून आलेला सेकंडहँड प्लेअर मोहात पाडतोय? आधी मागची पट्टी वाचा. जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची. आपल्या २३०च्या प्लगमध्ये खुपसलात तर फ्यूज, ट्रान्सफॉर्मर किंवा दोन्ही स्वाहा. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरची किंमत धरूनच घासाघीस करा.

तसं विजेचं वेड पाहावं तर जपानचंच. तिथल्या काही हौशी मंडळींनी शेजाऱ्यांच्या फ्रीज-एसीची खरखर नको म्हणून घरासमोर स्वतःचा खासगी विजेचा खांब उभा केलाय, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरसकट! २०१६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याची बातमी केली होती.

तुम्हाला खांब नको, पॉवर बँक पुरे. यूएसबीवर चालणारा छोटा सीडी प्लेअर किंवा डॅक (वेगळ्या डब्यातला कन्व्हर्टर) असेल, तर अ‍ॅडॅप्टर काढून तो पॉवर बँकेवर चालवून बघा. पॉवर बँकेतही स्विचिंग असतंच, पण मेन्सशी नातं तुटतं आणि ग्राउंड लूपची (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची) घुंऽऽऽ असेल तर ती जागच्या जागी थांबते. थांबली, तर चांगल्या अ‍ॅडॅप्टरवर पैसे खर्च करायला हरकत नाही. फरक शून्य? मग हजारोंचा लिनिअर (जड ट्रान्सफॉर्मरवाला) सप्लाय बाजूला ठेवा आणि रद्दीच्या दुकानाकडे वळा. तिथे सीडींचे गठ्ठे अजून मिळतात. घेताना डिस्क उजेडात धरून लेबलची बाजू आधी तपासा. माहिती साठवणारा थर त्या बाजूच्या अगदी लगत असतो, म्हणून तिथला खोल ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक!